पहिला नगरसेवक सव्विसाव्या वर्षी: पोरांचा राजकारणातला रस गेला कुठे?

पायवाट | २४ जानेवारी २०२६

१५ जानेवारीला सकाळी आठला मुलाला हलवून उठवलं. ‘ऊठ, मतदान आहे.’ उशीत तोंड खुपसून म्हणाला, ‘परत? आत्ता तर केलं होतं.’ आत्ता म्हणजे नोव्हेंबर २०२४, विधानसभेला.

बळंच आला. आमच्या पुण्यात चारचा प्रभाग, म्हणजे अ, ब, क, ड अशी चार मतं. केंद्रातून बाहेर पडला तो बोटावरची मार्करची रेघ चोळत. ‘एक बटण दाबून निघालो तर आतल्या बाई ओरडल्या, अहो अजून तीन राहिलीत! मग उरलेली तीन चिन्ह बघून दाबली. कोण आहेत गं ही माणसं?’

मी रागावणारच होते, पण घरी येऊन हिशोब मांडला आणि राग गिळला. मुलाचा जन्म मार्च १९९९चा. याआधीची महापालिका निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ला झाली, तेव्हा तो अठराला काही आठवडे कमी. पुढची २०२२ मध्ये व्हायला हवी होती. ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभाग तीनचा की चारचा, मग पुन्हा कोर्ट. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि प्रशासक बसले ते बसलेच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘चार महिन्यांत निवडणुका घ्या’ म्हणून सांगितलं, तरी जानेवारी २०२६ उजाडलाच. थोडक्यात, आमच्या चिरंजीवांनी दोनदा खासदार निवडला, दोनदा आमदार निवडला आणि पहिला नगरसेवक निवडला तो सत्तावीस पूर्ण व्हायला दोन महिने असताना. कायद्याने स्वतः नगरसेवक व्हायला एकवीस पुरतात!

संध्याकाळी म्हटलं, निदान निवडून येतील त्या चौघांची नावं बघून ठेव, पाण्या-कचऱ्याला उद्या तेच लागतील. तो खरंच गोंधळला. ‘कचऱ्याचा फोटो काढून मी ॲपवर टाकतो. तक्रार क्रमांक येतो. नगरसेवक मध्ये कशाला?’ यात उद्धटपणा नव्हता हो. नोकरीला लागल्यापासून त्याने महापालिका पाहिली ती फोनवर, आणि जवळजवळ चार वर्षं नगरसेवक नावाचं माणूस तिथे नव्हतंच. ‘आजकालच्या पोरांना रस नाही’ असं मीही उठता-बसता म्हणायचे. पण रस जायला आधी तो लागावा तर लागतो ना.

आता माझं. १९९१ साली मी कॉलेजात एलआरला उभी होते. जीएस (जनरल सेक्रेटरी), यूआर (विद्यापीठ प्रतिनिधी), एलआर ही अक्षरं आजच्या पोरांना सांगितली तर गाड्यांचे नंबर वाटतील. एलआर म्हणजे मुलींची प्रतिनिधी, पण मत मुलांचंही असायचं. ज्या मुलांशी दोन वर्षांत एक शब्द बोलले नव्हते, त्यांच्या पार्किंगमधल्या कट्ट्यावर जाऊन मत मागायचं होतं. दोनदा अर्ध्यातून परत फिरले. तिसऱ्यांदा गेले तर एकाने विचारलं, ‘लेडीज रूमचं आम्हाला काय? हॉस्टेलच्या मेसचं बोल.’ मेसचं मला ओ की ठो माहीत नव्हतं. दोन दिवस माहिती काढली, पुन्हा गेले. अकरा मतांनी पडले! पण जी निवडून आली तिच्यामागे मेसचा विषय लावून दिला, आणि तो तिला घ्यावाच लागला.

१९९४च्या विद्यापीठ कायद्याने हे सगळं गेलं. मार्कांवरून वर्गप्रतिनिधी नेमायला लागले. २०१६च्या कायद्यात थेट निवडणुका परत आल्या, कागदावर. २०१९ला होणार होणार म्हणत पुढे गेल्या. तेव्हापासून विषय निघतो, तारीख निघत नाही.

मला वाटतं ते एवढंच: कॉलेज आणि वॉर्ड या खालच्या दोन पायऱ्या आपण काढून घेतल्या, आणि आता पोरं जिना का चढत नाहीत म्हणून विचारतोय. तुमच्या घरातल्या पोरांचं काय? (पक्षांवरून भांडू नका. त्याला इथे दुसरे धागे पुष्कळ आहेत.)

कट्टेकरी

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो. (लिहिणार नाही, पण टाकतो.)

जुना खोडरबर

पायवाटताई, लेख आवडला, पण एलआरच्या आठवणीत साखर जरा जास्त पडली आहे.

मी त्याच सुमारास मुंबईत कॉलेजला होतो. आमच्याकडे निवडणूक म्हणजे गेटवर बाहेरची माणसं. सायकलच्या चेन, हॉकी स्टिक. उमेदवाराला अर्ज मागे घ्यायला ‘समजावायला’ यायचे ते विद्यार्थी नसायचे, आणि त्यातल्या काहींना दाढीत पांढरे केस होते. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, तो काही आकाशातून पडला नव्हता. माझ्या वडिलांनी निवडणुकीचा आठवडाभर मला कल्याणला काकांकडे पाठवलं होतं. कॉलेज निवडणुका बंद झाल्या तेव्हा आमच्या चाळीत कुणी हळहळलं नाही. पालकांनी तर सुटकेचा श्वास टाकला.

तेव्हा पायरी काढून घेतली हे खरं, पण ती पायरी रक्ताने निसरडी झाली होती हेही लिहा.

आकडेमोड

@जुना खोडरबर, म्हणूनच तर कॉलेज निवडणुकांचे नियम ठरवायला लिंगडोह समिती आली होती ना? २००६. उमेदवाराला खर्चाची मर्यादा पाच हजार रुपये, हजेरी ७५ टक्के, छापील पोस्टरला बंदी, हाताने रंगवलेलं चालेल, वयाची अट. तुमच्या त्या पांढऱ्या दाढीवाल्यांसाठी वयाची अट एवढी एकच पुरेशी होती. औषध लिहून वीस वर्षं झाली, आपल्याकडे बाटलीचं बूचही निघालं नाही.

थोडे आकडे टाकतो, सवयच आहे.

मतदानाचं वय एकवीसवरून अठरा झालं ते ६१व्या घटनादुरुस्तीने, मार्च १९८९ पासून. आमदार-खासदारकीला उभं राहायचं किमान वय मात्र पंचवीसच आहे, राज्यघटना लिहिली तेव्हापासून. विधान परिषद आणि राज्यसभेला तीस.

२०२४च्या लोकसभेला देशात सुमारे ९६.८ कोटी मतदार होते, त्यात पहिल्यांदाच मत देणारे १.८ कोटींच्या आसपास. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांची संख्या याच्या कितीतरी पुढे आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त पोरं यादीतच नव्हती. केंद्रापर्यंत यायचा प्रश्न नंतरचा.

पायवाटताईंच्या मुलासाठी आणखी एक. तो २०१९ मध्ये विधानसभेला मत देऊन आला. त्या एका विधानसभेने पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री पाहिले, त्यातला पहिला जेमतेम ऐंशी तासांचा. दोन मोठे पक्ष उभे चिरले, एक जून २०२२ मध्ये, दुसरा जुलै २०२३ मध्ये. कुणाची बाजू बरोबर ते बाजूला ठेवा. विशीतल्या पोराने आपण दिलेलं मत आता नेमकं कुठल्या खिशात आहे असं विचारलं, तर उत्तर द्यायला मला तरी कागद-पेन्सिल लागेल. आणि हे पक्षांतरबंदी कायदा १९८५ पासून असताना, २००३ मध्ये त्यातली ‘एक-तृतीयांश फुटले तर चालतं’ ही पळवाट बुजवल्यानंतर.

निमशहरी

शहरातल्या मंडळींनी एकदा आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला यावं. रस कमी म्हणे! एका भावकीत दोन पॅनेल, आणि मतदानाआधी आठ दिवस चुलत भाऊ एकमेकांच्या बांधावरून जात नाहीत.

पण पोरांना त्यात स्थान काय ते सांगतो. मी एकोणिसाव्या वर्षी एका पक्षाच्या युवक आघाडीत शिरलो. तीन वर्षं सभेच्या सतरंज्या टाकल्या, उचलल्या, झटकल्या. सतरंज्या झटकायच्या म्हणजे काय ते एकदा दोनशे माणसं उठून गेल्यावर झटकून बघा, रात्री खोकला येतो. साहेबांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या ओळीत माझा पासपोर्ट साइज फोटो, शेजारी बावीस जण. पंचायत समितीचा गण खुला झाला तेव्हा आम्हा तिघांना ‘तयारीला लागा’ म्हणून सांगितलं होतं. लागलो. मोटरसायकलवर पंधरा गावं केली. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी रात्री साहेबांचा पुतण्या पुण्याहून आला. त्याला गणातली गावं किती तेही माहीत नव्हतं, मलाच गाडीत बसवून दाखवायला लावली.

मी तोंडातून शब्द काढला नाही. गावं दाखवली, घरी आलो, पुढच्या सभेला गेलो नाही. आता कुणाच्याही फ्लेक्सवर फोटो लावू देत नाही. गावात सगळे म्हणतात, पोराने राजकारण सोडलं.

आणि सरपंचाचं तर विचारूच नका. २०१७ मध्ये थेट जनतेतून, २०२० मध्ये पुन्हा सदस्यांतून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. तरण्या पोराने कशाची तयारी करायची, गावाची की सदस्य फोडायची?

पायवाट

@निमशहरी, गावं दाखवायलाही तुम्हीच. हे वाचून काही सुचेना.

@जुना खोडरबर, मान्य. आमचं कॉलेज लहान होतं, मारामारी झाली तरी शर्ट फाटण्यापलीकडे जात नसे. मुंबईचं मला ऐकूनच माहीत.

सीसॅटपीडित

वय २९, मुक्काम पुणे, उद्योग स्पर्धा परीक्षा. त्यामुळे ‘तरुण’ कॅटेगरीत अजून बसतो असं धरून लिहितो.

आम्हाला रस नाही? ११ मार्च २०२१ आठवतंय का कुणाला? १४ तारखेची राज्यसेवा पूर्वपरीक्षा लोकसेवा आयोगाने तीन दिवस आधी पुढे ढकलली. मी अभ्यासिकेत होतो. कुणीतरी मोबाइल बघून ‘गेली’ एवढंच म्हणालं. पुस्तक उघडं तसंच ठेवून खाली आलो तर नवी पेठ ते शास्त्री रोड पोरंच पोरं. कुणी बोलावलं नव्हतं, माईक नव्हता, झेंडा नव्हता. रात्रीपर्यंत रस्त्यावर बसलो. परीक्षा २१ मार्चला झाली. २०२३ मध्ये नवा वर्णनात्मक (मोठी उत्तरं लिहायचा) पॅटर्न लांबवा म्हणून पुन्हा बसलो, तोही २०२५ पर्यंत पुढे गेला. (मुदत मिळूनही माझं काही झालं नाही, तो वेगळा विषय.)

हे राजकारण नाही तर काय आहे? पण त्याच रस्त्यावरच्या पोरांना विचारा, नगरसेवक कोण. पुण्याचा माहीत नसणार, कारण नाव गावाकडे. गावाकडचा माहीत नसणार, कारण आठ वर्षं पुण्यात.

माझं नाव परभणी जिल्ह्यात आहे. २० नोव्हेंबर २०२४ला विधानसभेचं मतदान होतं, तेव्हा माझी मुख्य परीक्षेची तयारी चालू. जाऊन-येऊन दोन रात्री एसटीत आणि त्यानंतर एक दिवस अंग दुखत झोपून. नाही गेलो. घरून फोन आला, ‘एवढा शिकून मत देत नाहीस?’ राज्यघटनेची कलमं पाठ असलेला माणूस मत न देता अभ्यासिकेत बसून राज्यघटनेचे प्रश्न सोडवत होता. हसा.

सुपातला

@सीसॅटपीडित, नाव इकडे का आणत नाही? फॉर्म ८ भरायचा, पत्ता बदलल्याचा. नवीन नोंदणीला फॉर्म ६. २०२२ पासून तर वर्षात चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्जही घेतात. हॉस्टेलवर राहणाऱ्यांना संस्थाप्रमुखाचं पत्र जोडून हॉस्टेलच्या पत्त्यावर नाव घालता येतं.

सीसॅटपीडित

@सुपातला, फॉर्म ८ मला झोपेत विचारा. पत्त्याचा पुरावा काय देऊ? मी कॉट बेसिसवर राहतो. एका खोलीत चार कॉट, मालक करार करत नाही, लाइटबिल त्याच्या नावावर. हॉस्टेल नाही म्हणून संस्थाप्रमुख नाही. अभ्यासिकेच्या काकांचं पत्र चालत असेल तर सांगा, ते आनंदाने देतील.

कट्टेकरी

काकांचं पत्र! 😂

सुपातला

निरुत्तर. मालकाच्या लेखी संमतीने होतं असं ऐकलंय, पण तोच देत नसेल तर अवघड आहे.

तारखांवरून आठवलं. माझी भाची ऑगस्ट २०२५ मध्ये अठराची झाली. लगेच हौसेने अर्ज भरला. पण या महापालिका निवडणुकीला १ जुलै २०२५ची यादी धरली होती. ती नोव्हेंबरपासून प्रभागातल्या उमेदवारांची माहिती काढून बसली होती, वहीत तक्ता केला होता. १५ जानेवारीला तिने तिच्या आजीला केंद्रावर नेलं, तक्ता आजीला वाचून दाखवला. आजीने दुसऱ्यांनाच मत दिलं. आता तिची पाळी २०३१ला, म्हणजे २०३१लाच झाली तर.

झाकली मूठ

बरेच दिवस वाचनमात्र होते. या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

वर सगळ्यांनी दारं बंद होती म्हणून रस गेला असं लिहिलंय. माझ्याकडे दार सताड उघडं होतं, तरी गेला. माझी आई एका नगरपालिकेत नगरसेविका होती. २०११ मध्ये स्थानिक संस्थांत महिलांना पन्नास टक्के आरक्षण झालं, आमचा वॉर्ड महिलांसाठी निघाला आणि बाबांची जागा आईला मिळाली. असंच म्हणायचे सगळे, ‘भाऊंची जागा वहिनींना.’

रविवारी दुपारी जेवणं झाली की टेबल पुसून आईपुढे कोऱ्या लेटरहेडचा गठ्ठा यायचा. आई शंभर-शंभर सह्या करायची. मग आठवडाभर बाबा किंवा त्यांचा माणूस वर मजकूर घालायचा. रहिवासी दाखला, शिफारसपत्र, काहीही. शिक्का मी मारायचे, वय वर्षं तेरा. शाई जास्त लागली की बाबा ओरडायचे. कुणी फोनवर नगरसेविकांना मागितलं तर ‘मॅडम मीटिंगमध्ये आहेत’, आणि मॅडम शेजारी बसून भाजी निवडत.

पण आईला काही कळत नव्हतं असं समजू नका. कुठल्या गल्लीत पाणी किती वाजता येतं ते तिला पाठ होतं, कारण बायका तिच्याशीच बोलायच्या. पायवाटताई, तुमच्या मुलाला सांगा, ॲपच्या घराची बेल रात्री अकराला वाजवता येत नाही. आमची वाजायची. एकदा गॅस्ट्रोची साथ होती तेव्हा आईने बाबांना न विचारता टँकर दुसऱ्या गल्लीत वळवला. पाच वर्षांतला तेवढा एक निर्णय तिचा स्वतःचा. त्यावरून घरात चार दिवस अबोला होता. पुढच्या वेळी सोडतीत वॉर्डचं आरक्षण बदललं आणि विषय संपला. जरा कुठे तिला सूर सापडत होता.

लोकांना वाटतं घरातच राजकारण, ही उतरेल. मला अजून स्टॅम्पपॅडचा वास आला की नको होतं.

पायवाट

@झाकली मूठ, टँकरचं मुलाला वाचून दाखवलं. ‘यांच्या आईला मी मत दिलं असतं’ म्हणाला. मत द्यायला माणूस आधी दिसला पाहिजे, यावरून आमचं थोडं वाजलंही. त्याचं म्हणणं, त्यांनी दिसावं, मी शोधत का फिरू? मी म्हटलं, मी नव्हते का पार्किंगमध्ये गेले? तर म्हणे, ‘तू उमेदवार होतीस, आई. मतदाराने पार्किंगमध्ये जायचं नसतं.’ हरले. पुन्हा अकरा मतांनी.

आकडेमोड

बिनविरोधचं कुणी लिहिलंच नाही. या वेळी राज्यात मतदानाआधीच साठाहून जास्त नगरसेवक बिनविरोध आले. त्या जागांना बटणच नाही, त्यामुळे नोटाही नाही. आणि हे कुठल्या राज्यात? तर जिथे राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये आदेश काढला होता की स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. सुपातलांच्या भाचीचा तक्ता अशा प्रभागात असता तर निम्मा फाडावा लागला असता.

सुपातला

पायवाटताई, तुमच्या मुलाच्या ‘त्यांनी दिसावं’ला कायद्यात जागा आहे. क्षेत्रसभा. २००९ मध्ये महापालिका कायद्यात आली. ग्रामसभेसारखीच, पण शहरासाठी. नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांची सभा घ्यायची, दोन वर्षांत किमान चार. नाही घेतल्या तर पद जाऊ शकतं असंही त्यात आहे. मी वीस वर्षं एकाच भागात राहतो, एकही झालेली मला आठवत नाही.

निमशहरी

ग्रामसभाही कागदावर होतात, फार हुरळून जाऊ नका. रजिस्टरवर सह्या घ्यायला माणूस घरोघरी फिरतो.

जुना खोडरबर

पण निमशहरी, रजिस्टर तरी असतं. इथे तेही नाही.

पायवाट

क्षेत्रसभेचा प्रकार मला या वयात पहिल्यांदा कळतोय, कुणाला सांगू नका. मुलाला सुपातलांचा प्रतिसाद पाठवला. तो काही बोलला नाही, पण काल रात्री त्याने प्रभागातल्या चारही नव्या नगरसेवकांचे नंबर शोधून मेसेज टाकला: ‘पहिली क्षेत्रसभा कधी आहे?’

एकाने हात जोडलेलं चित्र पाठवलं. एकाने स्वतःच्या सत्काराचं निमंत्रण. तिसऱ्याच्या दोन निळ्या रेघा, उत्तर नाही. चौथ्या, बाई आहेत, पहिल्यांदाच निवडून आल्या आहेत, त्यांनी दहा मिनिटांत थेट फोनच केला. मुलाने गडबडून स्पीकरवर टाकला. ‘दादा, हे कुठल्या कलमात आहे? मला पाठवता का? मला कुणी सांगितलंच नाही.’

कट्टेकरी

मग? पाठवलं का?

पायवाट

शोधतोय. मराठी अधिनियमाची पीडीएफ मिळाली आहे, स्कॅन आडवा आहे. मान वाकडी करून वाचत बसलाय. जेवायला दोनदा हाक मारली.

सीसॅटपीडित

ताई, त्याचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करा. कलम मी काढून देतो.